आयटीआय ते आयबीआर वेल्डर: चार वर्षं, खर्च, कागदपत्रं सगळं

मागच्या महिन्यात माझं आयबीआर (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, म्हणजे बॉयलरचे सरकारी नियम) वेल्डरचं सर्टिफिकेट हातात आलं. म्हणजे बॉयलरच्या प्रेशर पार्टवर, ज्या ट्यूबमध्ये पाणी आणि वाफ प्रचंड दाबाखाली असते तिच्यावर, आता मी जॉइंट मारू शकतो. तेव्हापासून गावातली पोरं विचारायला येतात की दादा नक्की काय काय करावं लागतं, आणि प्रत्येकाला अर्धा तास सांगून पण निम्मंच सांगून होतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

आधी एक गोष्ट सांगतो कारण ती मला कुणीच सांगितली नव्हती. वेल्डिंगमध्ये पैसे नाहीत म्हणणारा पण खरं बोलतो आणि वेल्डर महिन्याला चाळीस-पन्नास हजार कमावतो म्हणणारा पण खरं बोलतो, दोघं वेगवेगळ्या वेल्डरबद्दल बोलत असतात. गेट-खिडक्या करणारा, टॅक (तुकडे जागेवर धरून ठेवायचे छोटे टाके) मारणारा, स्ट्रक्चरवर काम करणारा आणि पाइपचा एक्स-रे जॉइंट (ज्याची एक्स-रे काढून तपासणी होते) मारणारा, हातात होल्डर सगळ्यांच्याच असतो पण रेट एकाचा दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट. मधल्या पायऱ्या आयटीआयमध्ये शिकवत नाहीत, तिथं फक्त पहिली पायरी असते.

मी सोलापूर जिल्ह्यातला, आमच्याकडं ऊस आणि कारखाने सोडून दुसरं फार काही नाही. दहावीला ५८ टक्के, बारावी आर्ट्स झाली, एफ.वाय.ला नाव घातलं पण जायला एसटी आणि परत यायला एसटी यातच दिवस जायचा आणि पुढं काय याचं उत्तर सरांकडं पण नव्हतं. माझा मावसभाऊ कारखान्यात फिटर आहे, तो म्हणाला ऑफ सीझनला बॉयलरच्या ट्यूबा बदलायला बाहेरून वेल्डर येतात, त्यांचा रेट एकदा बघ. मी बघितला आणि जुलै २०२१ मध्ये आयटीआयचा फॉर्म भरला. आण्णा आठ दिवस बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की ग्रॅज्युएट तरी हो, लग्नाच्या वेळी विचारतात.

फॉर्म ऑनलाइनच असतो, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर. मला दीडशे रुपये फी लागली, नेट कॅफेवाल्याने वर शंभर घेतले. वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे आणि याला दहावी नापास मुलं पण चालतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. मेरिट दहावीच्या मार्कांवर लागतं, बारावी केली असली तरी. मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला असेल तर तो, हे सगळं फॉर्म भरायच्या आधीच काढून ठेवा कारण जून-जुलैमध्ये सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. अजून एक, फॉर्म नुसता भरून चालत नाही, कागद घेऊन जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन तो निश्चित करावा लागतो आणि त्यानंतर विकल्प भरायचे असतात. पहिल्या नंबरला टाकलेला विकल्प मिळाला तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांमधून बाहेर. त्यामुळं मित्राने टाकलाय म्हणून इलेक्ट्रिशियन पहिल्या नंबरला आणि मनात वेल्डर, असं करू नका. मला दुसऱ्या फेरीत तालुक्याच्या सरकारी आयटीआयमध्ये वेल्डर मिळाला. सरकारी असल्यामुळं वर्षाची फी, डिपॉझिट सगळं धरून दोन हजारांच्या आतच गेलं, खरा खर्च युनिफॉर्म, सेफ्टी शूज आणि एसटीच्या पासचा.

वर्ग सुरू व्हायला त्या वर्षी दिवाळीच जवळ आली होती. आयटीआयमध्ये आर्क वेल्डिंग आणि गॅस कटिंग चांगलं शिकवलं. सिलॅबसमध्ये टिग आणि मिग (आर्गॉनसारख्या गॅसच्या आडोशात करायचं वेल्डिंग) पण आहे पण टिगचं मशीन एक आणि आर्गॉनचा सिलेंडर बहुतेक वेळा रिकामा, त्यामुळं ते आम्ही बघितलं जास्त आणि केलं कमी. तरी ते वर्ष वाया गेलं असं मी अजिबात म्हणणार नाही, कारण हात स्थिर होणं तिथंच झालं. रोज त्याच सहा मिलीच्या प्लेटवर बीड (वेल्डिंगची सलग रेघ) मारायची, स्लॅग (वरचं कवच) काढायचा, परत मारायची, आमचे निदेशक डोळे मिटून आवाज ऐकायचे आणि सांगायचे आर्क लांब झालाय तुझा. तो आवाज अजून उपयोगी पडतो.

पहिल्या महिन्यातच आर्क लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शेजारचा वेल्डिंग करताना उघड्या डोळ्यांनी उजेड बघितला की दिवसा काही कळत नाही, रात्री मात्र डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं आणि पाणी थांबत नाही. सगळे बटाट्याच्या चकत्या ठेवायला सांगतात. मी सांगतो डोळ्याच्या डॉक्टरकडं जा आणि दुसऱ्या दिवसापासून होल्डर हातात नसताना पण साधा सेफ्टी चष्मा घालून फिरा.

परीक्षा २०२२ च्या पावसाळ्यात झाली. थिअरी कॉम्प्युटरवर असते, प्रॅक्टिकल वेगळं. इथं एक गोष्ट सगळ्यांनी आत्ताच तपासा. माझं नाव दहावीच्या मार्कशीटवर एका स्पेलिंगने आणि आधारवर दुसऱ्या. आयटीआयचं राष्ट्रीय प्रमाणपत्र, अप्रेंटिसशिपचा करार, पीएफचा नंबर, पुढं पासपोर्ट, सगळं एकमेकांना जोडलेलं असतं, एक अक्षर इकडंतिकडं झालं की पोर्टल पुढंच सरकत नाही. आधार दुरुस्तीला पन्नास रुपये लागले पण ते अपडेट होऊन सगळीकडं जुळायला दोन महिने गेले आणि त्यात एक चांगली अप्रेंटिसशिप हातची गेली.

अप्रेंटिसशिप मला नोव्हेंबर २०२२ मध्ये मिळाली, चाकणला एका फॅब्रिकेशन कंपनीत. अप्रेंटिसशिप इंडियाच्या पोर्टलवर प्रोफाइल करायची, कंपन्यांना अर्ज टाकायचे, निवड झाली की करार ऑनलाइनच होतो. स्टायपेंड सात हजार सातशे. चाकणमध्ये सहा जणांत एक खोली, भाडं माणशी पंधराशे, मेस अडीच हजार, म्हणजे हातात काय उरतं ते तुम्हीच बघा. ऑगस्ट २०२३ पासून सरकारी वाट्याचे पंधराशे थेट आपल्या बँक खात्यात यायला लागले, त्यासाठी खातं आधारला लिंक पाहिजे, नाहीतर ते पैसे येत नाहीत. आमच्यातल्या दोघांचे असेच अडकले होते.

घरी पैसे पाठवता येत नव्हते हे त्या वर्षाचं सगळ्यात मोठं दुःख. माझ्याबरोबरचे कॉलेजचे मित्र कॉल सेंटरला पंधरा-सोळा हजारावर लागले होते आणि मी सात हजारात ग्राइंडिंग करत होतो. पण त्याच कंपनीत मला उस्ताद भेटले. पन्नाशीचा माणूस, सातवी शिकलेला, रिफायनरीच्या पाइपलाइनवर वीस वर्षं काढलेली. त्यांनी मला एकदा दुपारच्या सुट्टीत एक्स-रेची फिल्म दाखवली, उजेडासमोर धरून, आणि म्हणाले हे बघ, वरून जॉइंट कितीही सुंदर दिसू दे, आतलं ही सांगते. त्या फिल्मवर एक बारीक काळी रेघ होती, रूट, म्हणजे सगळ्यात आतला पहिला थर, मुळापर्यंत गेलेला नव्हता. एवढ्यासाठी तो जॉइंट कापून परत मारायचा होता. मला तेव्हा कळलं की जास्त पैसे कशाचे मिळतात. आत न बघता आत काय चाललंय हे ज्याच्या हाताला कळतं, त्याला.

उस्तादांनीच सांगितलं की टिग शिक, आणि सिक्स-जीपर्यंत जा. हे पोझिशनचं गणित थोडं समजून घ्या. पाइप आडवा ठेवून फिरवत मारला तर वन-जी, सगळ्यात सोपं. पाइप उभा आणि जॉइंट आडवा तर टू-जी. पाइप आडवा पण फिरवायचा नाही, तुम्ही त्याच्याभोवती फिरायचं, ते फाइव्ह-जी. आणि पाइप ४५ अंशात तिरका बांधलेला, हलवायचा नाही, खालून डोक्यावरच्या पोझिशनमधून सुरू करून बाजूने वर जायचं, ते सिक्स-जी. एकाच जॉइंटमध्ये सगळ्या पोझिशन येतात म्हणून बऱ्याच साइटवर टेस्ट तीच घेतात.

अप्रेंटिसशिप संपल्यावर जानेवारी २०२४ मध्ये भोसरीत एका खासगी वेल्डिंग क्लासला गेलो. तीन महिन्यांचे पस्तीस हजार. आईने सोसायटीतून कर्ज काढून दिले. आण्णांनी तेव्हा पहिल्यांदा विचारलं की हे शिकून नक्की होणार का, आणि मी खरं तेच सांगितलं की पोझिशन जमली तर होणार. क्लास निवडताना फीपेक्षा एकच विचारा, रोज किती कूपन (सरावाचे पाइपचे तुकडे) वेल्ड करायला देणार आणि आर्गॉन-फिलरचे (गॅस आणि जोडात वितळवायची तार) पैसे वेगळे आहेत का. काही ठिकाणी फी वीस हजार सांगतात आणि पाइपचे तुकडे विकत आणायला लावतात. एक्स-रे किंवा निदान बेंड टेस्ट (जोडाची पट्टी वाकवून बघणं) करून दाखवतात का ते पण विचारा, नुसतं वरून बघून छान म्हणणाऱ्या क्लासला अर्थ नाही. हेल्मेट स्वतःचं घ्या, ऑटो-डार्कवालं, मी अडीच हजाराचं घेतलं. टिगचे पातळ लेदर ग्लोव्हज वेगळे येतात, आर्कच्या जाड ग्लोव्हजमध्ये फिलर वायर बोटांतून सरकत नाही.

ते तीन महिने सांगायचे तर, सकाळी पाइपला बेव्हल मारायचा, म्हणजे कड तिरकी घासायची, दोन तुकड्यांमध्ये साधारण तीन मिलीचा गॅप ठेवून टॅक करायचा, मग टिगने रूट. फिलर आत द्यायचा, गॅपच्या तोंडाशी छोटं भोक उघडं राहतं ते डोळ्याने धरून ठेवायचं, ते मोठं झालं तर आत लोंबतं आणि बंद झालं तर रूट चढत नाही. पंख्याचा वारा जरी लागला तरी आर्गॉन उडून जातो आणि वेल्डमध्ये जाळी (बारीक भोकं) पडते, म्हणून एप्रिलच्या उन्हात पण पंखा बंद. टंगस्टन फिलरला टेकला की परत ग्राइंडरवर टोक काढा. रूटवर हॉट पास (दुसरा थर), मग ७०१८ रॉडने फिलिंग आणि शेवटी कॅपिंग (सगळ्यात वरचा थर). ७०१८ हा रॉड हवेतली ओल धरतो, ओव्हनमध्ये भाजून मग छोट्या पोर्टेबल ओव्हनमध्ये गरमच ठेवायचा असतो, उघड्या पुड्यातला काढून मारणारा माणूस दिसला की समजून जा तिथं एक्स-रे होत नाही. मला सहा वाजताची जागा, म्हणजे पाइपच्या बरोबर खालची, दोन महिने जमत नव्हती. खाली आडवं पडून, मानेला टॉवेल गुंडाळून, ठिणग्या कॉलरमध्ये. मग एक दिवस अचानक जमायला लागली, का ते मला आज पण सांगता येणार नाही.

मे २०२४ मध्ये मावसभावाच्या ओळखीने बॉयलर दुरुस्तीच्या एका गँगमध्ये लागलो, आमच्याच भागातल्या कारखान्यावर. गळीत हंगाम मार्च-एप्रिलला संपतो, मग दसऱ्याच्या आसपास अग्निप्रदीपन (बॉयलर पेटवणं) होईपर्यंतच बॉयलर उघडा मिळतो. बगॅसबरोबर (उसाच्या चिपाडाबरोबर) माती-वाळू येते, राखेबरोबर ती ट्यूबांवर घासत राहते, ट्यूब पातळ होतात आणि बदलाव्या लागतात. मला लगेच वेल्डिंग मिळालं नाही, सर्टिफिकेट नसलेल्या माणसाने प्रेशर पार्टवर वेल्डिंग करायचं नसतं. मी ट्यूबा कापणं, बेव्हल मारणं, फिट-अप (तुकडे नीट जुळवणं), सपोर्टची वेल्डिंग, असं हेल्पर-कम-वेल्डर म्हणून साडेसहाशे रोजावर. तिथं पहिल्यांदा आरसा लावून वेल्डिंग करणारा बघितला. ट्यूबांच्या मध्ये एवढी कमी जागा असते की मागची बाजू डोळ्याला दिसतच नाही, मग आरसा लावून त्यात बघून मारतात, आरशात सगळं उलटं. मी रात्री खोलीवर आरशात बघून पेन्सिलने गोल गिरवायचो.

बॉयलरच्या आत काम म्हणजे बंद जागा, हे नीट समजून जा. आत धूर कोंडतो. वेल्डिंगच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१७ साली कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलंय. रुमाल बांधून काही होत नाही, फिल्टरचा मास्क पाहिजे, एक्झॉस्ट फॅन पाहिजे, बाहेर मॅनहोलपाशी एक माणूस पाहिजे. ठेकेदार मास्क देत नसेल तर आपल्या पैशाने घ्या, मी घेतो. पैसे चांगले मिळतात हे सांगताना ही बाजू लपवणं मला पटत नाही.

पुढचा हंगाम मी एका शॉपमध्ये (वर्कशॉपमध्ये) काढला, बावीस हजार महिना, पीएफ धरून. अनुभवाचा दाखला मिळेल अशा ठिकाणीच राहायचं ठरवलं होतं कारण टेस्टच्या अर्जाला तो लागतो. नुसतं रोखीने काम करणाऱ्या ठेकेदाराकडं रोज शंभर रुपये जास्त मिळतात पण कागदावर तुम्ही नसताच.

आता टेस्ट. बॉयलरचं वेल्डिंग कुणी करायचं, त्याची परीक्षा कशी घ्यायची हे इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स १९५० मध्ये दिलेलं आहे, मूळ कायदा १९२३ चा होता, २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा बॉयलर कायदा आला. आपल्या राज्यात हे काम बाष्पके संचालनालय बघतं. अर्ज आमच्या ठेकेदार फर्ममार्फतच गेला, आणि आमच्या गँगमध्ये सगळ्यांचं असंच झालेलं आहे. जुलै २०२५ मध्ये कागद दिले: वयाचा पुरावा, आधार, आयटीआयचं प्रमाणपत्र, अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला, फोटो. टेस्टचा, पाइपचा आणि एक्स-रेचा खर्च फर्मने केला, त्या बदल्यात पुढचा एक ऑफ सीझन त्यांच्याकडंच काम करायचं असं ठरलं. हे तोंडी न ठेवता कागदावर घ्या, आणि सर्टिफिकेटची मूळ प्रत कुणाकडं राहणार ते पण त्यातच लिहून घ्या.

तारीख मिळायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात मी रोज ड्युटी संपल्यावर एक तरी कूपन मारत होतो. टेस्टच्या दिवशी इन्स्पेक्टर साहेबांनी तुकडे बघितले, त्यावर नंबरचे पंच मारले म्हणजे नंतर बदलता येत नाहीत, फिट-अप बघितलं, मग स्टँडला तिरका बांधून दिला. एकदा बांधला की हात लावून फिरवायचा नाही. रूट झाल्यावर थांबवून आतून बॅटरी मारून बघितला. माझा घसा एवढा कोरडा पडला होता की पाणी पिऊन पण फरक पडेना, पण एकदा आर्क पडला की बाकी काही दिसत नाही, समोर फक्त वितळलेलं टोक असतं, हे एक बरं असतं. कॅपिंग झालं, साहेब काहीच बोलले नाहीत. माझ्याबरोबर चौघं होते, त्यातल्या एकाचा जॉइंट बघूनच बाजूला ठेवला, कडेला अंडरकट (खाच) होता. तो पोरगा हाताने माझ्यापेक्षा चांगला आहे, त्याचं पुढच्या वेळी होणार यात मला शंका नाही.

एक्स-रे रात्री काढतात, आजूबाजूला कुणी नको म्हणून दोरी बांधून. फिल्म दोन दिवसांनी आली, पास. मग पट्ट्या कापून बेंड टेस्ट, वाकवल्यावर चीर पडली नाही. तिथून सर्टिफिकेट प्रत्यक्ष हातात यायला अजून दोन महिने लागले. मी फर्मच्या ऑफिसात आठवड्यातून एकदा फोन करायचो, त्यापेक्षा जास्त करून काही होत नाही.

सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं, मग नूतनीकरण. आणि त्यावर प्रक्रिया, पोझिशन, मटेरियल, जाडी सगळं लिहिलेलं असतं, तेवढ्यापुरतंच ते असतं. नव्या साइटवर गेलं की बहुतेक ठिकाणी परत टेस्ट घेतात, त्यात अपमान वाटून घेऊ नका. तेल-गॅसच्या कामात एएसएमई सेक्शन नाइन (वेल्डरच्या टेस्टचा अमेरिकन कोड) चालतं, तिथं एखादी प्रक्रिया सहा महिने केलीच नाही तर त्या प्रक्रियेचं क्वालिफिकेशन संपतं, म्हणून कुठं, कधी, कोणतं काम केलं याची नोंद आणि प्रत्येक टेस्टच्या कागदाची झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा.

पैशाचं सांगतो कारण शेवटी तेच विचारतात. मला येत्या ऑफ सीझनला चौदाशे रोज ठरलाय, राहणं-जेवण त्यांचं, ओव्हरटाइम वेगळा. जुने लोक अठराशे-दोन हजार घेतात. काही ठिकाणी रोजावर न देता इंच-डायावर देतात, म्हणजे सहा इंची पाइपचा एक जॉइंट म्हणजे सहा इंच-डाया, हात वेगवान असेल तर ते परवडतं, पण पास झालेलेच जॉइंट मोजतात, रिपेअर तुमच्या अंगावर. हंगाम चालू असताना हे काम नसतं, तेव्हा शॉपमध्ये नाहीतर दुसऱ्या प्लांटच्या शटडाउनवर (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तेव्हा) जावं लागतं, मधे पंधरा-वीस दिवस रिकामे पण जातात. त्यामुळं रोज गुणिले तीस करून स्वप्न बघू नका, वर्षाचा हिशोब करा. माझा सगळा मिळून महिन्याला सरासरी तीस-बत्तीस पडेल असा अंदाज आहे. आईचं सोसायटीचं कर्ज दिवाळीला फिटलं.

आखाती देशांत जायचं डोक्यात असेल तर पासपोर्ट आत्ताच काढा, दहावी पासचं मार्कशीट जोडलं की ईसीएनआर (परदेशी कामाला जाताना सरकारी तपासणीची गरज नाही असा) पासपोर्ट मिळतो, मी काढून ठेवलाय. तालुक्यात एक एजंट सौदीच्या शटडाउनसाठी ऐंशी हजार मागत होता. नियमाने नोंदणीकृत एजंटला तीस हजार अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्याची नोंदणी ई-मायग्रेटच्या सरकारी पोर्टलवर बघता येते. मी बघितली, त्याचं नाव तिथं नव्हतं. आमच्या गँगमधला एक जण त्याला वीस हजार ॲडव्हान्स देऊन बसलाय, तुमच्यापैकी कुणी देणार असेल तर आधी तेवढं पोर्टल उघडून बघा.